रात्री मेटल डिटेक्टर घेऊन किल्ल्याच्या पायथ्याशी नाणी शोधली तर चालतं का?

नाही. मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखाली हेच झालं. एका चित्रपटानंतर मुघल खजिन्याची अफवा उठली, आणि गावकरी रात्री बॅटऱ्या, डिटेक्टर घेऊन शेतं उकरत बसले. शेवटी पोलीस आले.

कायदा दिवस-रात्र बघत नाही. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित (बांधकाम-खाणकामाला बंदी) आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित (ते परवानगीनेच) क्षेत्र असतं. स्मारकात तर परवानगीशिवाय खणायचंच नाही. स्वतःच्या शेतात सापडलं तरी 1878 च्या गुप्तधन कायद्यानुसार 10 रुपयांहून (हो, दहाच!) जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. लपवलीत तर तिच्यातला तुमचा वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

शिवाय साधा डिटेक्टर एकटं नाणं जेमतेम वीतभर खोलीपर्यंत पकडतो. आपल्याकडच्या बेसाल्टात आणि कोकणातल्या जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे खोटे सिग्नल सतत येतात. अंधारात खड्डा नीट बुजवलाही जात नाही, आणि नाणं कोणत्या थरात होतं ही माहिती कायमची जाते. माझ्या मते नाण्यापेक्षा तीच मोलाची.

हौसच असेल तर जागेच्या मालकाला विचारून, दिवसाउजेडी, हरवलेली अंगठी शोधून द्या.