वाचक विचारतात: कोबीतली बाळं आणि टायपिस्ट बाई

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की जगातला पहिला गोष्टीचा सिनेमा अॅलिस गी नावाच्या फ्रेंच बाईने काढला, आणि दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत बघितलेला तो ख्रिस्ताचा सिनेमा पण तिचाच. माझं माहेर लॉ कॉलेज रोडचं, फिल्म आर्काइव्हवरून रोज जायचो, पण हे नाव कधी कानावर आलं नाही. खरंय का हे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: ताई, फॉरवर्डच्या मानाने बरंच खरंय. ती 1873 ची, म्हणजे आपल्या फाळक्यांपेक्षा तीनच वर्षांनी लहान. वडिलांचा चिलीमधे पुस्तकांचा धंदा होता, तो बुडाला, मग वडील गेले आणि घर चालवायला हिने टायपिंग शॉर्टहँड शिकून घेतलं (आपल्याकडे दहावीनंतर मुलींना टायपिंगच्या क्लासला घालायचे ना, तसंच). 1894 ला पॅरिसमधे कॅमेरे विकणाऱ्या एका कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागली, तिथे लिओन गोमाँ होते, आणि पुढच्या वर्षी कंपनीच त्यांनी घेतली. मार्च 1895 मधे सिनेमाचं मशीन काढणाऱ्या ल्युमिएर बंधूंनी कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार पडद्यावर चालताना दाखवले तेव्हा ही गोमाँसोबत बघायला हजर होती. बाकीचे मशीनवर खूश, हिच्या डोक्यात आलं की याच्यात गोष्ट का नाही सांगायची. साहेबांना विचारलं, ते म्हणाले करा, पण ऑफिसचं काम अडता कामा नये. म्हणजे सगळा उद्योग पत्रं टाइप करून उरलेल्या वेळातला!

पहिला सिनेमा मिनिटभराचा. एक परी कोबीच्या गड्ड्यांमागून बाळं काढते, बस. फ्रान्समधे पोरांना सांगतात की बाळं कोबीत सापडतात, आपल्याकडे नाही का जुने कपडे देऊन बोहारणीकडून घेतलंय म्हणून चिडवतात, तसलाच प्रकार. आता "पहिला" म्हणाल तर मी जरा सांभाळून बोलेन. ती स्वतः साल 1896 सांगायची, पण आज हातात आहे ती प्रिंट 1900 ची, आणि ल्युमिएर बंधूंनी 1895 मधेच माळी आणि पाण्याच्या पाइपची गंमत काढली होती, त्यात पण गोष्ट आहेच की. पण पहिली बाई दिग्दर्शक कोण म्हणाल तर तीच, तिथे मी वाद घालणार नाही. आणि पुढची दहा वर्षं गोमाँच्या सिनेमांचं सगळं खातं तिच्याकडे होतं. सोबत रेकॉर्ड वाजवून गाण्याचे शंभरावर छोटे सिनेमे काढले, बोलपट यायच्या वीसेक वर्षं आधी.

आता फाळके. 1906 मधे तिने ख्रिस्ताच्या आयुष्यावर मोठा सिनेमा काढला, पंचवीस प्रसंग, तीनशेच्या आसपास माणसं. पण त्याच विषयावर पाथे नावाच्या दुसऱ्या फ्रेंच कंपनीचा पण सिनेमा होता आणि तो पण जगभर फिरत होता, त्यामुळे तो तिचाच असं ठोकून देऊ नका. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त भारी वाटते. 1912 मधे फाळके मुंबईत 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई शोधत फिरत होते, कुणी तयार होईना, शेवटी साळुंके नावाच्या मुलाला लुगडं नेसवलं, आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत न्यू जर्सीच्या फोर्ट ली गावात ही बाई, पोटात दुसरं मूल, स्वतःचा लाख डॉलरहून जास्त खर्चाचा स्टुडिओ उभा करत होती. निर्माती पण तीच, दिग्दर्शक पण तीच. स्टुडिओत मोठ्ठी पाटी लावलेली, नटांसाठी: "नैसर्गिक वागा". आमच्या काही सिरियलवाल्यांना पाठवावी म्हणतो.

आणि आपल्याकडे बायका नव्हत्याच असंही नाही बरं का. सरस्वतीबाई फाळके रात्री बसून कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, आणि दिवसा सगळ्या युनिटचा स्वयंपाक. त्यांचं नाव तरी किती जणांना माहितीये?

प्रश्न: मग एवढी मोठी बाई विसरली कशी गेली? नवऱ्याने बुडवलं असं ऐकलं. (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: नवऱ्याचा वाटा आहे, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका. हर्बर्ट ब्लाशे गोमाँचाच माणूस, 1907 ला लग्न केलं आणि त्याच्याबरोबर ती अमेरिकेला गेली. 1910 ला तिने सोलॅक्स नावाची कंपनी काढली, चालली पण जोरात, पुढे कारभार नवऱ्याकडे गेला. मग सिनेमाचा धंदाच उन्हासाठी कॅलिफोर्नियाला पळाला, फोर्ट ली ओस पडलं, नवरा एका नटीबरोबर हॉलिवूडला, स्टुडिओचा लिलाव. 1922 ला घटस्फोट घेऊन दोन मुलांना घेऊन फ्रान्सला परत, आणि तिथे हिला कुणी काम देईना, पन्नाशीला आलेल्या बाईला कोण विचारतंय. मुलांच्या गोष्टी लिहून, भाषांतरं करून दिवस काढले.

खरी गोम कागदांची आहे. तेव्हा सिनेमावर दिग्दर्शकाचं नाव नसायचं, फक्त कंपनीचं, मग इतिहास लिहिणाऱ्यांनी तिचे सिनेमे तिच्या हाताखालच्या पुरुषांच्या नावावर टाकले, तो ख्रिस्ताचा सुद्धा. ती स्वतः 1927 मधे वॉशिंग्टनला काँग्रेस लायब्ररीत (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात) आपले सिनेमे शोधायला गेली, एक सापडला नाही! मग स्वतःच आठवून यादी करत बसली, लोकांना पत्रं लिहिली की हे माझं, हे माझं. हजारच्या आसपास सिनेमे केले म्हणतात, आज दीडशेएक उरलेत. 1968 ला न्यू जर्सीतच गेली, 94 वर्षांची होऊन, आणि आठवणींचं पुस्तक छापून आलं 1976 ला. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात नदीकाठी दहा बायकांचे सोनेरी पुतळे वर आलेले आठवतात? त्यात एक हिचा होता.

बघायचं असेल तर यूट्यूबवर आहेत काही. 1906 मधला स्त्रीवादाच्या परिणामांवरचा सात मिनिटांचा आधी बघा, पुरुष शिवणकाम करतायत, पोरांच्या गाड्या ढकलतायत आणि बायका कॅफेत सिगरेट ओढत पेपर वाचतायत. मी घरी लावला तर आई म्हणाली पुन्हा लाव, आणि बाबा चहा ठेवायला उठले.