‘पोर्टल’ पहिल्या भागापासूनच खेळा
आपण ‘पोर्टल’ या कोड्यांच्या व्हिडिओ गेमचा थेट २०११ चा दुसरा भाग, ‘पोर्टल २’, घेणार असाल, तर आधी २००७ चा पहिला भाग पूर्ण करावा, असा माझा आग्रह आहे. या खेळातली बंदूक भिंतींवर किंवा जमिनीवर निळे आणि नारिंगी अशी जोडलेली दोन दारे उघडते; एकात शिरले की दुसऱ्यातून बाहेर पडतो. पहिल्या भागात सुरुवातीला मात्र तिच्यातून फक्त निळे दार उघडता येते, नारिंगी बरेच पुढे मिळते. म्हणूनच उंचावरून जमिनीवरच्या दारात उडी घेतली की तोच वेग भिंतीतल्या दारातून आपल्याला खड्ड्यापलीकडे भिरकावतो, हे सावकाश अंगवळणी पडते. दुसऱ्या भागात या उडीच्या जोडीला उसळवणारा निळा, वेग वाढवणारा नारिंगी आणि एरवी दार न उघडणाऱ्या भिंतींवरही दार उघडू देणारा पांढरा द्रव येतो. पांढऱ्यापाशी मुळीच घाई करू नका. मला तोच सर्वांत सुंदर वाटतो, कारण दाराची जागाही आपणच घडवतो. ‘पोर्टल २’ मधला, दोघांच्या मिळून चार दारांचा, जोडीने खेळायचा विभाग मात्र शेवटी ठेवावा.