म्हातारा कुत्रा लंगडतोय? आधी घरातली गोळी बाजूला ठेवा

दादा, तुमचा कुत्रा लंगडतोय आणि अकरा वर्षांचा आहे म्हणजे सांधे झिजले असतीलच, असं वाटणं साहजिक आहे, पण लगेच तसं धरून चालू नका. आधी पंजा उलटून बघा. आपल्याकडे बाभळीचा काटा निघतो बऱ्याचदा. गोचीड तापातही कुत्री लंगडतात, त्यामुळे रक्त तपासून घ्या.

आपली माणसांची दुखण्यावरची गोळी, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, मात्र कुत्र्याला अजिबात नको. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड, यकृत जातं. अर्धी गोळीसुद्धा नाही. डॉक्टर कुत्र्यांचं औषध वजनावरून देतात.

गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका, झोपायला जुनी सोलापुरी चादर चौपदरी. वजन उतरवा (भाकरीचा तुकडा कोण देतं, तुम्हाला ठाऊक आहे!). उन्हाळ्यात फिरणं सूर्य वर यायच्या आत, थोडं थोडं. पाय टेकवतच नसेल किंवा सूज असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.