आधी मीठ, मग आच, चटणी शेवटी : विंग्जबद्दल वाचकांचे प्रश्न

आखाड तोंडावर आला की चिकनबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी त्यातली बरीचशी विंग्जची, म्हणजे कोंबडीच्या पंखांची आहेत आणि बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे : चटणी फार लवकर लावली जाते. म्हणून पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : दही, आलं-लसूण आणि घरची कांदा-लसूण चटणी लावून एक किलो विंग्ज रात्रभर मुरवल्या. दुसऱ्या दिवशी तळल्या, तर वरून काळ्या आणि कातडी रबरासारखी. तेलही करपलं. माझा रस्सा कधी बिघडत नाही, मग हेच का बिघडतं? घरी ओव्हन नाही.
– एक गृहिणी, शिवाजी पेठ

ताई, रश्शात चटणी पाण्यात शिजते, त्यामुळे आच शंभर अंशांच्या आसपासच राहते. तळणीचं तेल १७० ते १९० अंशांवर असतं. आपल्या चटणीत भाजलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ असतात. त्या तेलात ते मिनिटभरात करपून कडू होतात. विंग आतपर्यंत शिजायला मात्र दहा-बारा मिनिटं लागतात. म्हणजे मांस शिजेपर्यंत चटणीचा कोळसा होणारच.

कातडीचं कारण वेगळं. तिच्यात पाणी आणि चरबी दोन्ही भरपूर असतं. पाणी उडून गेल्याशिवाय कातडी तांबूस होत नाही, आणि चरबी सुटल्याशिवाय कुरकुरीत होत नाही. दह्याने तुम्ही आणखी पाणी लावलंत. दही चिकन मऊ करतं हे खरं, पण विंगला त्याची गरज नाही. वयाने कोवळी ब्रॉयलर कोंबडी, त्यात पंखाजवळचं मांस चरबीदार. ते सहसा कोरडं पडत नाही.

आता रीत. एक किलो विंग्जमध्ये साधारण दहा-बारा अख्खे पंख येतात. प्रत्येकाचे सांध्यावर तीन तुकडे करा : खांद्याकडचा छोट्या तंगडीसारखा, मधला दोन हाडांचा चपटा, आणि टोक. सुरी हाडावर आपटू नका. बोटाने सांध्याची खाच चाचपा आणि तिथेच दाबा, एका दाबात तुटतं. टोकं टाकू नका, त्यांचं शेवटी सांगतो. शक्यतो चिकन धुऊ नका, आणि नळाच्या धारेखाली तर नकोच. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर जातात. अगदीच राहवत नसेल तर पातेल्यातल्या स्थिर पाण्यात एकदा बुचकळून काढा.

तुकडे स्वच्छ फडक्याने टिपून घ्या आणि दोन सपाट चमचे मीठ चोळा. चहाचा चमचा, बारीक मीठ, म्हणजे साधारण १२ ग्रॅम. मोदकपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये चाळणीवर ठेवून दहा मिनिटं वाफवा. यात कातडीखालची बरीच चरबी खाली गळते आणि मांस जवळजवळ शिजतं. खालच्या पाण्यावर चरबीचे डोळे तरंगताना दिसतील. ते पाणी ओतू नका, रश्शाला वापरा.

वाफवलेले तुकडे एकमेकांना न चिकटवता जाळीवर पसरा. वाफ जिरली की अर्धा तास पंख्याखाली ठेवा, किंवा फ्रीजमध्ये उघडेच तासभर. ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि बरेच जण इथेच घाई करतात. कातडीला बोट लावून बघा. ओल लागली तर अजून थांबा, बोट कोरडं राहिलं तर तयार. ओले तुकडे तेलात गेले की तेल अंगावर उडतं आणि कढई थंड पडते.

मग दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ भुरभुरवून जास्तीचं झटका. लहान, खोल कढईत अर्धा लिटर तेल पुरतं, एका वेळी पाच-सहा तुकडे. तेलात लाकडी उलथन्याचं टोक बुडवा, भोवती भराभर बुडबुडे आले की १८० अंशांच्या जवळ आहे असं समजा. पाच ते सहा मिनिटांत सोनेरी होतात. तडतडाट कमी झाला म्हणजे पाणी उडालं, तीच काढायची वेळ. चटणी अजूनही लागलेली नाही, त्यामुळे तेल काळं होत नाही. गाळून ठेवा आणि दोन-चार दिवसांत फोडणीला संपवा.

चटणी कशी लावायची ते खाली गुळाच्या प्रश्नात येईल.

प्रश्न : आमचा चिकनवाला कातडी काढूनच देतो. विंग्ज स्वस्त पडतात असं ऐकलं, पण मला हिशोब पटत नाही. हाडंच जास्त येतात.
– एक वाचक, राजारामपुरी

शंका रास्त आहे. विंगचं निम्म्याच्या आसपास वजन हाडांत जातं, त्यामुळे नुसता किलोचा भाव बघून फसगत होते. बोनलेसच्या भावाच्या निम्म्याहून बऱ्याच कमी दराने मिळाल्या तरच त्या मांसाच्या हिशोबाने स्वस्त. करी कटच्याच भावाने मिळत असतील तर चवीसाठी घ्या, बचतीसाठी नको. मग अख्खी कोंबडी कातडीसकट घेणं परवडतं : पंख वेगळे काढून फ्रीजरमध्ये साठवायचे, बाकीचा रस्सा. तीन-चार वेळचे पंख जमले की एका बेताला पुरतात.

कातडीचं म्हणाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. "विथ स्किन, फक्त पिसं साफ करून" असं स्पष्ट म्हणा. रविवारी सकाळच्या गर्दीत कुणी ऐकून घेणार नाही, बुधवारी घेईल. आणि कातडी काढलेल्याच मिळाल्या तर ही पाककृती त्यांच्यावर लादू नका. त्यांचं सुकं करा, ते फार चांगलं होतं.

प्रश्न : आम्ही तिघं रूमवर राहतोय. एक इंडक्शन, एक बिडाचा तवा, बस्स. फ्रीज न्हाई. तळायचं म्हटलं की निम्मं बजेट तेलातच जातंय. काय जमंल का?
– एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

जमेल, आणि तेल लागेल एक मोठा चमचा. बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो, तुमच्याकडे नेमकं योग्य भांडं आहे.

अर्धा किलो विंग्ज आणा आणि फ्रीज नाही म्हणून त्याच वेळी करा. पुसून एक सपाट चमचा मीठ लावा. तवा थंड असतानाच तेल लावा, तुकडे कातडीची जाड बाजू खाली करून एका थरात मांडा आणि मगच इंडक्शन चालू करा, मध्यमपेक्षा जरा कमी. थंड तव्यावरून सुरुवात केली की चरबी हळूहळू वितळते आणि विंग स्वतःच्याच चरबीत तळली जाते. तापलेल्या तव्यावर टाकलं तर कातडी लगेच चिकटते, वरून डागते आणि आतली चरबी तशीच राहते.

पहिली आठ मिनिटं झाकण, मग काढा. आणखी सहा-सात मिनिटं अजिबात हलवू नका. कातडी तयार झाली की तुकडा आपोआप सुटतो, ओढावा लागला तर अजून वेळ आहे. उलटा, दुसरी बाजू दहा मिनिटं उघडीच. तव्यावर सुटलेल्या चरबीत इंडक्शन बंद करून एक चमचा चटणी आणि लगेच दोन चमचे पाणी घाला, तुकडे घोळवा, लिंबू पिळा. भाकरीबरोबर खा.

प्रश्न : हॉटेलसारखा गोड-तिखट चकचकीत लेप घरी जमत नाही. गूळ घालून केला तर चिक्कीसारखा कडक झाला, दाताला चिकटला. हा प्रकार मुळात कसा करतात?
– एक वाचक, कागल

अमेरिकेतल्या बफेलो शहरात अँकर बारमध्ये १९६४ साली या विंग्ज सुरू झाल्या असं मानलं जातं. मूळ सॉसमध्ये गोड काही नसतं : मिरचीचा आंबट-तिखट सॉस आणि वितळलेलं लोणी, बास. तत्त्व मात्र आपल्या कामाचं आहे. तिखट, आंबट आणि स्निग्ध हे तिन्ही तळून झाल्यावर, गरम तुकड्यांवर. आपल्याकडे तिखटाला चटणी आहे, आंबटाला चिंच आणि गोडाला गूळ. त्यासाठी बाटलीबंद सॉस विकत आणायची गरज नाही, आणि चव त्याच्यापेक्षा खोल येते.

एक किलोला प्रमाण : लोणी किंवा तेल दोन मोठे चमचे, बारीक चिरलेल्या दहा-बारा लसूण पाकळ्या, कांदा-लसूण चटणी दीड मोठा चमचा, किसलेला गूळ तीन मोठे चमचे (सुमारे ४० ग्रॅम), चिंचेचा घट्ट कोळ एक मोठा चमचा, पाणी अर्धी वाटी. गूळ आधी या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कचरा निघतो. लख्ख पिवळ्या गुळाचा हट्ट नको, काळपट गुळाचा लेप जास्त खमंग लागतो. मीठ घालू नका. चटणीत असतं आणि विंग्जना आधीच लावलंय.

मंद आचेवर लोण्यात लसूण परता. कडेने जेमतेम पिवळा झाला की चटणी घाला, वीस सेकंद हलवा आणि लगेच गुळाचं पाणी ओता. हे पाणी बाजूला तयार हवंच, नाहीतर ते शोधेपर्यंत चटणी जळते. कोळ घालून दोन-तीन मिनिटं उकळा. तुमचा लेप इथेच पुढे गेला. पाण्याचा अंश उडाला की पाक तारेवर येतो, आणि तारेवरचा पाक गार झाला की कडक होतो. एकतारीच्या बराच आधी थांबायचं. ताटलीवर थेंब टाका, ताटली तिरकी करा, थेंब आळसावून ओघळला की गॅस बंद. चुकून पुढे गेलाच तर दोन चमचे कढत पाणी घालून ढवळा, सुटतो.

सॉस कोमट आणि विंग्ज गरम असताना मोठ्या पातेल्यात घालून हाताने पातेलं झटकत घोळवा. चमच्याने ढवळलं की कातडी सोलवटते. लेप लागल्यावर कुरकुरीतपणा दहा मिनिटं टिकतो, पावसाळ्यात त्याहून कमी. पाहुणे उशिरा येणार असतील तर सॉस वाटीत वेगळा द्या.

चटणी लवंगी मिरचीची जाळ असेल तर एकच चमचा घ्या आणि रंगासाठी अर्धा चमचा ब्याडगीची पूड.

प्रश्न : ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) कोणत्या तापमानाला? बेकिंग पावडर नव्हती म्हणून सोडा लावला, तर साबणासारखी चव आली.
– एक वाचक, इचलकरंजी

खाण्याचा सोडा एकटा असला की तेवढ्याच मापाने फार तीव्र होतो, ती चव त्याचीच. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्लही असतं. किलोला दोन सपाट चमचे पावडर मिठात मिसळून लावा. तिच्यामुळे कातडीचा पृष्ठभाग किंचित अल्कधर्मी होतो आणि लवकर तांबूस होतो, शिवाय बारीक बुडबुड्यांनी खरखरीत होतो. पावडर नसेल तर काहीच लावू नका. रात्रभर फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उघड्या ठेवा, म्हणजे थेंब दुसऱ्या अन्नावर पडणार नाहीत.

ओटीजी २१० अंशांवर दहा मिनिटं तापवा. जाळीवर ४० ते ४५ मिनिटं, पंचविसाव्या मिनिटाला उलटा. खाली ट्रे हवाच. ट्रेमध्येच तुकडे ठेवले तर ते सुटलेल्या रसात उकडतात. जाळी नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, मापाची करून मिळू शकेल. स्टेनलेस स्टीलच्या तारेचीच सांगा, जस्ताचा मुलामा दिलेली तार अन्नाला लावू नये. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांना वीस ते पंचवीस मिनिटं, एकाच थरात.

प्रश्न : नीट तळूनही हाडाजवळ लालसर दिसतं. कच्चं आहे का?
– एक वाचक, गडहिंग्लज

नुसत्या रंगावरून ठरवू नका. कोवळ्या कोंबडीचं हाड सच्छिद्र असतं, मगजातला लाल रंग शिजताना बाहेर झिरपतो, आणि गोठवलेल्या चिकनमध्ये हे जास्त दिसतं. आतलं तापमान ७४ अंशांवर गेलं असेल तर खायला सुरक्षित. विंगला मात्र ८५ पर्यंत नेलेलं चांगलं, कारण तिथवर सांध्याभोवतालचे चिवट धागे विरघळतात. थर्मामीटर नसेल तर छोट्या तंगडीच्या टोकाला मांस आखडून हाड उघडं पडलंय का ते बघा, आणि सांधा पिळून बघा. सहज फिरला तर झालं. मांस चिकट, अर्धपारदर्शक दिसलं तर रंग कसाही असो, परत आचेवर ठेवा.

प्रश्न : टोकांचं काय करायचं? एका किलोत मूठभरच निघतात.
– एक गृहिणी, मंगळवार पेठ

डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाकत जा. पाव किलोच्या वर जमली की पांढरा रस्सा होतो. टोकांत मांस नसतं, पण कातडी आणि कूर्चा भरपूर, त्यामुळे अळणीला, म्हणजे रश्शासाठी शिजवून गाळलेल्या पाण्याला, दाटपणा येतो. टोकं, आल्याचा तुकडा, पाच-सहा लसूण पाकळ्या, मीठ आणि सव्वा लिटर पाणी कुकरला चार शिट्ट्या, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. हळद नको. गाळून घ्या. विंग्ज वाफवलेलं पाणी असेल तर तेही यात घाला आणि मीठ त्या बेताने कमी करा.

एक मोठा चमचा खसखस आणि आठ-दहा काजू अर्धा तास भिजवा, एक मोठा चमचा पांढऱ्या तिळाबरोबर गंधासारखं बारीक वाटा. तुपात लवंग, दालचिनी, वेलची, मिरी तडतडली की वाटण मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका. अळणी ओता, उकळी आणा, मग आच अगदी कमी करून एक वाटी घट्ट नारळाचं दूध घाला आणि ढवळत राहा. त्यानंतर खळखळून उकळलं तर दूध फाटतं. वाफा आल्या की उतरवा.