तास मोजणारं अ‍ॅप आधी काढून टाक

पत्र (थोडक्यात): मी उदगीरजवळच्या गावची. ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा रिपीट करतेय, लातूरला होस्टेलवर राहते. रोज किती तास अभ्यास झाला ते अ‍ॅपवर मोजते; दहाच्या खाली गेले की रात्री झोप लागत नाही. टेस्टमध्ये दोन महिने 540च्या आसपास अडकलेय. रविवारी आईचा फोन आला की पहिला प्रश्न, किती आले? दिवाळीत भावाबरोबर किल्ला करायला मातीत हात घातला, तर डोक्यात एकच, तास वाया चाललेत. पूर्वी बायोलॉजी फार आवडायचं, आता काहीच आवडत नाही. मैत्रीण म्हणते, टार्गेट सोड, आजचा दिवस एन्जॉय कर. मला ते परवडणारं नाही. काय करू?

उत्तर:

मैत्रिणीचं फार मनावर घेऊ नकोस. घरच्यांनी फी भरलीय, मे महिन्यात पेपर आहे, अशा वेळी ‘टार्गेट सोड’ म्हणणं दुसऱ्याला सोपं असतं. टार्गेट राहू दे. माझा आक्षेप आहे तो तू जे मोजतेस त्यावर.

तासांवरून कळतं काय? खुर्चीत किती वेळ बसलीस, एवढंच. आणि 540 हा आकडाही वाटतो तितकं सांगत नाही. 180 प्रश्न, बरोबरला 4, चुकीला उणे 1. एखादीचे 135 बरोबर आले आणि 45 तिने सोडले, तरी 540. दुसरीचे 144 बरोबर आणि 36 चुकले, तरी 540च. पहिलीचे काही धडे झालेलेच नाहीत. दुसरीला बरंच येतं, पण खात्री नसतानाही उत्तराचा गोळा काळा करण्याचा मोह आवरत नाही. तू यातली कोणती? पत्रात लिहिलेलं नाहीस, आणि मला शंका आहे की तुलाही चटकन सांगता येणार नाही.

म्हणून टेस्टच्या दुसऱ्या दिवशी पेपर समोर घे. गेलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिही: येतच नव्हतं, येत होतं पण गडबडले, की तुक्का मारला. ‘खालीलपैकी चुकीचे विधान कोणते’ यातला ‘चुकीचे’ हा शब्दच न वाचता किती मार्क जातात, ते बघून तुझं तुलाच हसू येईल. हे तीन आकडे वहीत टाक आणि पुढच्या टेस्टपर्यंत वही बंद. मधल्या दिवसांत आकडा नको. अ‍ॅप तर आजच काढ.

बायोलॉजीची गोडी गेली याचं मला नवल वाटत नाही. दिवसभर पर्यायच वाचले तर कुणाचीही जाईल. रात्री जेवण झाल्यावर कोरा कागद घे आणि पुस्तक न बघता नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली बारीक गाळणी, काढ. तिच्यातल्या हेन्लेच्या वळणाच्या उतरत्या भागातून पाणी बाहेर पडतं, क्षार जवळजवळ नाहीत. चढत्या भागात नेमकं उलटं. असं का असेल, याचा विचार करत पेन्सिल फिरव. रेघ वाकडी आली तर येऊ दे. यानं मार्क वाढतील का, ते मी मुद्दामच सांगत नाही, नाहीतर उद्यापासून तू आकृत्याही मोजायला लागशील.

आईला एकदा सांग, मार्क मीच कळवेन, तू बाकीचं विचार. आई ऐकतात, आधी थोड्या रुसतात. संक्रांतीला घरी जा आणि पुस्तक नेऊ नकोस. न उघडलेलं पुस्तक बॅगेत असलं की ना धड अभ्यास होतो, ना धड सुट्टी.

एक गोष्ट मात्र घरी बसून बोलाच. नीट कितीही वेळा देता येते, त्यामुळे मर्यादा आपणच घालावी लागते. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं की नाही, हे निकालाच्या दिवशी रडत रडत ठरवू नका, आत्ताच कागदावर लिहून ठेवा. बीएएमएस (आयुर्वेद), व्हेटर्नरी, फिजिओथेरपी यांचे प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात. फार्मसी आणि बीएससी अ‍ॅग्रीसाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गट आहे, त्यात निगेटिव्ह मार्किंगही नाही. तारीख निघून गेली की हळहळण्यात अर्थ नसतो, तेव्हा तो फॉर्म तेवढा वेळेत भर.