कंटाळा आकड्यांचा की साहेबांचा?

प्रश्न: वय ३६. ११ वर्षं अकाउंट्समध्ये काढली, आता नको झालंय. डेटा अ‍ॅनालिसिस शिकू की शिकवण्याकडे वळू?

उत्तर: आधी सांगा, कंटाळा आकड्यांचा आलाय की साहेबांचा? साहेबांचा असेल तर नुसती नोकरी बदला. मी चाळिशीत छपाईतून संपादनात आले तेव्हा स्वतःला हे विचारलंच नव्हतं. दोन वर्षं चिडचिडीत गेली. आकडे अजून आवडत असतील तर एक्सेलमधलं पिव्हट टेबल (आकड्यांचा गोषवारा काढणारा तक्ता) तुमच्या हातात असेलच, त्याला एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेची, जोड द्या, नोकरी न सोडता. शिकवायचंय? मग महिनाभर दर रविवारी कुणाला तरी ताळेबंद समजावून सांगा. तिसऱ्याच रविवारी टाळाटाळ सुरू झाली, तर मला पुन्हा लिहा. राजीनाम्याचा कागद तोवर ड्रॉवरमध्येच राहू द्या.