एप्रिलमध्ये मनालीत खाली पाऊस आणि वर बर्फ असं का होतं? सोलापूरहून जाणाऱ्यांनी सहल रद्द करावी का?

सहल रद्द करू नका, पण हातात एक दिवस जास्तीचा ठेवा.

तुम्ही लिहिलंय की एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आई-वडील आणि मुलांना घेऊन मनालीला निघताय, आणि बातम्यांत 'सखल भागात पाऊस, उंचावर हिमवृष्टी' असा इशारा आलाय. माझी पंढरपूर तालुक्यात द्राक्षबाग आहे. मार्चमध्ये शेडवर बेदाणा वाळत असतो तेव्हा उत्तरेकडे काय शिजतंय हे रोज बघावंच लागतं. त्या सवयीतून जे कळलं ते सांगतो.

ही वादळं म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र या भागातून वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर ती पूर्वेकडे सरकतात. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. वाटेत अरबी समुद्राची वाफही त्यांना मिळते. त्यांचा मुख्य हंगाम डिसेंबर ते मार्च, पण एप्रिलमध्येही ती येत राहतात. काश्मीर खोऱ्यात तर वर्षातला बराचसा पाऊस मार्च-एप्रिलमध्येच पडतो.

आता एकाच ढगातून दोन गोष्टी कशा? वरच्या ढगात बहुतेक वेळा बर्फच तयार होतो. खाली येताना तो उबदार हवेत शिरला तर वितळून पाऊस होतो, नाही शिरला तर बर्फ म्हणूनच जमिनीवर पडतो. म्हणजे सगळा प्रश्न तुम्ही किती उंचीवर उभे आहात याचा. दर हजार मीटरला तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं. मनाली सुमारे 2050 मीटरवर आहे. तिथे 7 अंश असेल तर शून्य अंश साधारण 3200 मीटरवर येतं. भुसभुशीत बर्फ वितळायला वेळ लागतो, म्हणून त्याखाली आणखी दोन-तीनशे मीटर तो टिकतो. मनालीहून पलीकडच्या लाहौल खोऱ्यात नेणाऱ्या अटल बोगद्याचं अलीकडचं तोंड सुमारे 3060 मीटरवर, म्हणजे तिथे बर्फ पडणार. मनालीजवळचं सोलंग सुमारे 2500 मीटरवर, तिथे पाऊस. त्याच रात्री मनालीचा पारा 3 अंशांवर आला की पाऊस आणि बर्फ यांच्यामधली ही रेषा खाली सरकते आणि सकाळी सोलंग पांढरं दिसतं, मनालीत मात्र पाऊसच चालू असतो. त्यामुळे 'मनालीत बर्फ आहे का' असं विचारून उपयोग नाही. मनालीत पारा किती आहे ते बघा आणि वरचा हिशोब स्वतः करा.

वादळाचीही एक चाल असते. सुरुवातीला नैऋत्येकडून उबदार, दमट हवा येते, तेव्हा बर्फाची रेषा वर असते आणि खालच्या गावांत नुसता पाऊस. वादळ पुढे सरकलं की मागून थंड हवा शिरते आणि जाता जाता बर्फ खालपर्यंत उतरतो. गाडीने वर जाताना हा बदल काचेवर दिसतो: आधी स्वच्छ थेंब, मग जड, चिकट ठिपके, जे वायपरने पुसले तरी रेघ सोडतात, आणि एकदोन वळणांनंतर ते काचेवर साचायला लागतात. रस्ता तिथपासूनच निसरडा होतो. ठिपके चिकटायला लागले की चालकाला पुढे जायचा आग्रह करू नका.

आपण सोलापूरकर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहतो, तसंच तिथे बोगद्यापलीकडचं लाहौल आहे. मधल्या पीर पंजाल डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर ढग बराच रिकामा होतो. म्हणून अलीकडे मुसळधार आणि पलीकडे तुलनेने कमी, पण उंचीमुळे जे पडेल ते बर्फच.

हे सगळं आपल्यापासून फार दूरचं आहे असंही नाही. 2014 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये हेच पश्चिमी वारे फार दक्षिणेपर्यंत झुकले. वर थंड हवा, खाली समुद्राकडून आलेला दमटपणा, आणि सोलापूरसह मराठवाडा-विदर्भात गारांचा थर साचला. ज्वारी आडवी झाली, द्राक्षघड फुटले. मनालीकडच्या सफरचंदवाल्यांची एप्रिलमध्ये तीच अवस्था असते. झाडं फुलोऱ्यात, आणि वरून गारा. बागांवर पसरलेल्या गारपीटरोधक जाळ्या दिसल्या तर मुलांना दाखवा. बागवाल्यांना बर्फ हवा असतो, कारण नद्यांना बरंच पाणी त्यातून मिळतं, पण फुलोऱ्यावर गार नको असते. ही घालमेल मला फार जवळून समजते.

आता प्रवासाचं. मनालीच्या वाटेवर मंडी-पंडोह-औट या पट्ट्यात पावसाने दरडी येतात, त्यामुळे तो भाग रात्री टाळा. दिल्लीहून परतीची कर्नाटक एक्स्प्रेस असेल तर मनालीतून एक दिवस आधी निघा. जास्तीचा दिवस इथेच कामाला येतो. मनालीच्या वरची रोहतांग खिंड (3978 मीटर) एप्रिलमध्ये पर्यटकांसाठी बहुधा बंदच असते, तिचे पैसे आगाऊ कुणाला देऊ नका. बोगद्याकडचा रस्ताही जोरदार बर्फात बंद करतात, तेव्हा पोलीस थांबवतील तिथूनच मागे फिरा. आणि वादळानंतर लख्ख ऊन पडतं, सगळ्यांना वर जायची घाई होते, पण नवा, ओला बर्फ उन्हाने सैल होऊन उतारावरून घसरतो. त्या दिवशी दुपारी उताराच्या पायथ्याशी मुलांना खेळायला सोडू नका. अशा हिमस्खलनाचा इशारा चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था देते, तो हवामान खात्याच्या अंदाजाबरोबर बघत जा.

कपड्यांबद्दल एकच सांगतो. आपली सोलापुरी चादर गाडीत पांघरायला उत्तम, पण सुती असल्यामुळे ओली झाली की ऊब देत नाही आणि लवकर वाळतही नाही. आई-वडिलांसाठी लोकरीचे कपडे, वरून पाणी न झिरपणारं जाकीट आणि मोज्यांचे जास्तीचे जोड घ्या. एप्रिलमधला बर्फ ओला असतो, त्यामुळे पाय भिजतातच.